रेघेची नानकटाई

माहं माहेर आष्टीकडचं, कोरडं रान, बाजरी पिकली तर पिकली न्हाईतर बाप नुसता आभाळाकडं बगायचा, म्हनून मला बिंदुसरा धरनाजवळ पालीला दिलं, की पोरीला पान्याचं तरी सुख लागंल. काय सांगू तुमाला ताई, त्याच धरनाच्या तळाला पुढं म्या गुरं हिंडताना बगितली, भेगाभेगातून. सुख म्हंजी काय, सासूला भट्टी लावता यायची, तेवढंच. तेलाचा डबा कापून केलेली पत्र्याची पेटी, खाली निखारे, वर झाकनावर निखारे, आन मदी ताटात नानकटाई. सासू गेली, भट्टी माह्याकडं आली.

दुष्काळात सगळ्यांचे धंदे बसले आन माहा चालला, कावून ते सांगते. नानकटाईला पान्याचा थेंब लागत न्हाई. मैदा, डालडा, पिठीसाखर, इलायची, बस. टँकर येवो न येवो, माहं पीठ मळून तयार. लोक म्हनायचे, कौसाबाईला दुष्काळ मानवला. म्हनतेत बाई लोक, त्यांच्या तोंडाला काय कुलूप असतंय का.

मंगल माही एकुलती लेक. ताटात गोळे ठिवले की वरून अंगठा दाबायचं काम तिचं, सात-आठ वर्साची असल्यापून. एकदा कडबा तोडताना तिला इळा लागला, अंगठ्यावर आडवी खूण राहिली ती राहिलीच. मंग ती दाबायची तवा दर नानकटाईवर बारीक रेघ उठायची. लोकांना वाटलं ही कौसाबाईची नक्षी. गिऱ्हाईक दारात येऊन म्हनायचं, रेघेची द्या बरं का, दुकानातली नको. मी हासायचे आन मंगल अंगठा लपवायची. लगीन होऊन तलवाड्याला गेली तरी दिवाळीआधी आठ दिवस यायची आन दारातूनच वरडायची, आई, अंगठा आनलाय.

मंग तलवाड्याची बी इहीर आटली. जावई चांगला, रान चांगलं, पर पानीच न्हाई तर काय करता, दोघं नवराबायको पयल्यांदाच ऊस तोडायला गेले, लांबच्या कारखान्याला. फाल्गुनात तिला ताप आला. ती म्हनली, एवढा फड उरकू द्या, मंग दवाखान्यात जाऊ. फड उरकला, आन माही लेक बी उरकली.

आन सुतक किती दिवसाचं? तीन. दिल्या घरची लेक, आईबापाला तीन दिवसच. चवथ्या दिवशी बायाच म्हनल्या, कौसा, आंघोळ कर, चूल पेटव. वर्सभर सणाला कढई चढवायची न्हाई ते तिच्या सासरी, तलवाड्याला, तिथं शेजारपाजार फराळ पोचवनार. माह्या दारी कोन कशाला येतंय? नऊ म्हैने म्या पोटात ठिवली, ताई, आन सुतक तीन दिवसाचं.

दिवाळी आली. गावच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी आले, मानूस वाईट न्हाई, सभासदांना दरसाल नानकटाईचा डबा देतेत. त्या साली गुरं छावनीत, दूध कुठलं, तरी म्हनले, कौसाबाई, असल्या सालात तर लोकांचं तोंड गोड कराया पायजे, सगळ्यांचे डबे करा. आन निघता निघता म्हनले, तेवढी रेघ इसरू नका. त्यांना तरी काय म्हाईत. मी हो म्हनले. न्हाई म्हनाया माह्याकडं कारनच नव्हतं, सुतक तर फिटलेलं.

पयल्या ताटाला अंगठा दाबला तर नुसता गुळगुळीत खड्डा. सुरीनं रेघ वढून बगितली. दोनांवर वढली, तिसरीला हात थांबला, वाटलं मी लेकीची खोटी सही करायलेय. मोडल्या, परत मळल्या, आन सगळ्या बिनरेघेच्या केल्या. आठ दिवस भट्टीम्होरं बसले, दर घडीला पदर डोळ्याला, कारन पिठात पानी पडलं की नानकटाई बिगडती. डबे गेले. दोघी-तिघी म्हनल्या, यंदा रेघ कावून न्हाई, घाई झाली का? म्हनलं, हो बाई, घाई झाली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी इहीनबाई आल्या, मंगलची सासू, एस्टीनं, एकट्याच, कापडात डबा बांधून. मला वाटलं भांडाया आल्या, कारन तलवाड्याला फराळ पाठवायला माहा हातच झाला नव्हता. त्या उंबऱ्याशी बसल्या, डबा म्होरं सरकवला आन म्हनल्या, माह्या घरी कढई बंद हाय, हे माह्या घरचं न्हाई, शेजारनीनं आनून दिल्यालं हाय, तिचा भाऊ तुमच्या सोसायटीचा, भाऊबीजेला डबा घेऊन आलता. उघडून बगितलं तर माहीच नानकटाई.

इहीनबाई म्हनल्या, म्या बोट फिरवून बगितलं, रेघ लागली न्हाई, तवाच वळखलं, ह्या एकटीनं केल्यात. आन मंग वाटलं, हिच्या घरी कुनी फराळ घेऊन गेलं नसंल. तुमच्या घरची बी कढई बंद पायजे व्हती, इहीनबाई.

तवा मी रडले, फाल्गुनापून पयल्यांदा मोठ्यानं. त्यांनीच एक तुकडा मोडून माह्या तोंडात घातला.

आता पाऊसपानी बरं हाय, सोसायटीत दूध येतंय. जावयानं दुसरं लगीन केलं, करू द्या, त्याचं वय तरी काय. इहीनबाई मातर दर दिवाळीला डबा घेऊन येत्यात. मी गावाचं सगळं करून देते, पर घरच्या फराळाची कढई चढवत न्हाई, त्यांच्या डब्यानंच तोंड गोड करते. लोक म्हनतेत, कौसाबाईचं तीन दिवसाचं सुतक अजून फिटंना. नगं फिटू दे.

घ्या, ही पुडी लेकराबाळांना न्या. बिनरेघेची हाय, चालंल ना? तुमच्या घरची कढई कदी बंद पडू नये, बाई.