गवत हाय तवर

(बेल्ह्याबाहेर माळावरची वस्ती. पडवीच्या भिंतीला कॅमेरा. चाकणला राहणारा दादाभाऊ त्यातूनच आईशी बोलतो.)

दादाभाऊ : आई, अंगणात ती बाई कोण आहे? दोरी धरून काय मोजतेय?

चिमाबाई : आली आकाशवाणी. नंदे, दचकू नको गं. भूत न्हाई, माझा पोरगा हाय. नोकरी चाकणला करतो आन् राहतो ह्या भिंतीवर.

नंदा : आत्या, मी मागनं येऊ का?

चिमाबाई : का? चोरी करायला आलीस? माप तू. मेंढरं किती मावत्यात बघ.

दादाभाऊ : मेंढरं? आपल्या अंगणात?

चिमाबाई : आता हिच्या अंगणात. घर विकलं मी हिला. शुक्रवारी जुन्नरला जाऊन कागद करायचा आन् सोमवारी, बाजाराच्या दिवशी, मी उठणार.

दादाभाऊ : मला न विचारता?

चिमाबाई : लग्न ठरवलंस तवा मला विचारलं व्हतंस? सांगायला आलास. मी बी सांगतेय.

दादाभाऊ : मी सही देणार नाही.

चिमाबाई : मागितली कुणी? घर माझ्या नावावर हाय. तुझ्या बापाला हापिसाची पायरी चढायची म्हटलं की घाम फुटायचा, म्हणून मला पुढं केलं त्यांनी. बरं केलं.

दादाभाऊ : आई, जरा डोकं लाव. हायवे जवळ आहे. पाच वर्षं थांबलीस तर जागा सोन्याची होईल.

चिमाबाई : थांबू कुणाच्या जिवावर? ह्या गुडघ्यांच्या?

दादाभाऊ : बरं, विकायचंच तर माझ्या ओळखीत पुण्याची पार्टी आहे. त्यांना फार्महाऊस पाहिजे. चांगली माणसं आहेत.

चिमाबाई : म्हंजी वर्षातनं एकदा कुलूप काढायचं, भाकरी-कालवण खायाचं, फोटो काढायचं आन् परत कुलूप. तसली माणसं घरात हायेतच की माझ्या. आणिक कशाला आणू?

नंदा : आत्या, तुमच्या घरात माझ्यामुळं भांडण नको. आमी दुसरीकडं बघतो.

चिमाबाई : गप बस. ह्येला भांडण म्हणत न्हाईत. भांडले तर त्येच्या बिल्डिंगीतली माणसं बाहेर येतील. सांग त्येला, घर कशाला पाहिजे तुला.

नंदा : दादा, आमचे मालक मेंढरं घेऊन निरगुडसरच्या अंगाला गेल्यात. आमची थोरली पोरगी आता शाळेची झाली. जिथं मेंढरांचा वाडा बसंल तिथल्या शाळेत बसवते तिला. पाटी हातात येती न् येती तवर आमी पुढं. गुरुजी म्हणतात, पोरगी हुशार हाय, पण हाय कुठं?

चिमाबाई : ऐकलंस? तुझं बी ह्येच व्हतं. मेंढरामागनं उचलून आणला तुला आन् ह्या घरात बसवला. घर तुझ्या शाळेसाठी बांधलं, दादा. शाळा झाली. घराचं काम झालं.

दादाभाऊ : बाबांनी रक्त आटवून बांधलंय ते.

चिमाबाई : बांधलं त्यांनी. पाणी कुणी वाहिलं? विहिरीपासनं हितवर, डोक्यावर. आन् वर छप्पर झाल्यावर तुझा बाप आत झोपलाच न्हाई. सगळा पावसाळा मेंढरांत, घोंगडी घेऊन. म्हणायचा, आत जीव कोंडतो. मी हसायची त्यांना. आता कळतंय मला.

दादाभाऊ : पण आत्ताच का? मला एवढंच सांग. आजारी आहेस का? कुणी काही बोललं का? कशावरून ठरवलंस?

चिमाबाई : तुझी आजी कशावरनं ठरवायची?

दादाभाऊ : काय?

चिमाबाई : मेंढरांचा वाडा कवा हलवायचा ते. आज ह्येच्या रानात, उद्या त्येच्या. गडीमाणसं नुसती बोलायची, ठरवायची म्हातारी. झोपायच्या आधी मेंढरांत एक चक्कर टाकायची. मेंढरं बसून रवंथ करत असली की म्हणायची, राहा. बसंनात, नुसती उभी, इकडनं तिकडं तोंड फिरवत्यात, की सकाळी बिऱ्हाड घोड्यावर. मंग रानात गवत गुडघाभर असू दे. तुझा बाप कुरकुरायचा, अगं आये, चारा हाय की अजून. म्हातारी म्हणायची, चारा हाय तवरच उठायचं असतं. संपल्यावर रानाचा मालक काठी घेऊन उठवतो. त्येला हाकलणं म्हणत्यात.

दादाभाऊ : त्याचा इथं काय संबंध?

चिमाबाई : मी बसंना झालीय, दादा. गेल्या उन्हाळ्यापासनं. चुलीपाशी जाते, परत येते. दारात उभी राहते, परत आत. दिवस मावळला की बिबट्याच्या भ्यानं दार लावायचं आन् उजाडस्तवर भिंतीशी बोलायचं. भिंतीत तू.

दादाभाऊ : म्हणून तर कॅमेरा बसवला ना! तुझ्या काळजीनं.

चिमाबाई : बिबट्या आला तर चाकणवरनं दगुड मारणार हाईस का? तू मला बघतोस, राजा. मी तुला कुठं बघते?

नंदा : आत्या... बोलंनात की ते. लाइट गेली काय?

चिमाबाई : लाइट हाय. बोलणारा गेलाय. येईल.

नंदा : लई लागलं वाटतं त्यांना.

चिमाबाई : लागू दे. मी काय लोणी लावायला बसलीय? तू चुलीची जागा बघून घे. मागच्या दारी वारं येतं, तिथं मांडू नको.

दादाभाऊ : आई.

चिमाबाई : हां. हाय मी.

दादाभाऊ : इकडं ये मग, आमच्याकडं. कायमची.

चिमाबाई : सातव्या मजल्यावर? येऊन राहिले की दिवाळीत. तिथं बिबट्या न्हाई, तरी सगळी दार लावूनच बसत्यात. न्हाई बाबा. बेल्ह्याच्या बाजारात आपल्या साळुबाईच्या घराशेजारी खोली धरलीय. दार रस्त्यावर. सकाळी उंबऱ्यात बसलं की सगळं गाव पुढनं जातं. चारजणांना शिव्या दिल्या की भूक लागती मला.

दादाभाऊ : लोक मला काय म्हणतील? पोरगा असताना म्हातारी खोलीत राहते.

चिमाबाई : म्हणू दे. उद्या मी हितंच पडले, तू आलास, मला गाडीत घातलं आन् दाराला कुलूप लावलं, तर लोक तुला शाबास म्हणतील. त्या शाबासकीसाठी मी पडून राहू का? मला कुणी उचलून न्यायच्या आत उठायचंय. माझ्या पायानं. अजून हायेत तवर.

दादाभाऊ : आणि मला कुणी विचारलं, तुझं गाव कुठलं, तर?

चिमाबाई : बेल्हे सांग. घर विकलंय मी. गाव विकायला ते काय माझ्या बापाचं हाय?

दादाभाऊ : सोमवारी सुट्टी नाही मला. टेम्पो पाठवतो सामानाला.

चिमाबाई : नको. सामान हिच्या घोड्यावर जाणार.

दादाभाऊ : घोड्यावर? आई, लोक हसतील!

चिमाबाई : हसू दे. घोड्यावर बिऱ्हाड घालून आले ह्या माळावर, तशीच उतरणार. तुझ्याकडं एकच काम हाय.

दादाभाऊ : कोणतं?

चिमाबाई : देव. वाडा उठला की देवाची टोपली घरातल्या थोरल्या गड्यानं उचलायची. तुझ्या आज्यानं उचलली, तुझ्या बापानं उचलली. मी हात लावायची न्हाई.

दादाभाऊ : आणि मी नाही आलो तर?

चिमाबाई : तर देव राहतील हितंच, नंदाची मेंढरं राखत. मी थांबायची न्हाई.

नंदा : दादा, या हो. देव मागं ठेवून गेल्या तर माझा बी पाय ठरायचा न्हाई ह्या घरात.

दादाभाऊ : ...सुपरवायझरला विचारून बघतो.

चिमाबाई : विचारू नको. सांग त्येला.

दादाभाऊ : बरं. सकाळीच गाडी घेऊन येतो. देव पुढच्या सीटवर ठेवू.

चिमाबाई : देव गाडीत न्हाई बसत आपलं. डोक्यावर घ्यायचं आन् चालायचं, बाजारापतूर. बऱ्या चपला घालून ये.