लाल घोड्याचं कव्हर

परमेश्वर : "त्रिंबकचं पोरगं रद्दी गोळा करीत हिंडून राह्यलं." भर अंबडच्या स्टँडावर बोलला तुमचा दोस्त राधेश्याम. अन् तुम्ही हसले, अण्णा.

अण्णा : मंग काय रडू? दहावी सोडली. सोडली ते सोडली, लोकाच्या माळ्यावरची उंदरानं कुरतडलेली पुस्तकं घरात आणून राह्यला.

परमेश्वर : रशियातली हायेत ती. तिकडं मराठीत छापून इकडं आल्ती. आता कोनी छापत न्हाई. अन् मी कोणतीबी न्हाई उचलत. पहिली आवृत्ती असंल तरच.

आई : पहिली काय अन् दुसरी काय. आतली गोष्ट तीच ना रे?

परमेश्वर : पहिल्या येचणीचा कापूस अन् शेवटची हलकी फरदड एका गठुड्यात बांधती का तू?

आई : न्हाई बांधत.

परमेश्वर : मंग.

अण्णा : लय शहाणा. टेम्पो येतोय आता. गल्लीतल्या हरिओमनं एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमधी शब्द टाकलाय तुझ्यासाठी. शर्ट बदल.

परमेश्वर : न्हाई जानार.

अण्णा : काय म्हणला?

परमेश्वर : लोखंड कुठं पळून न्हाई जात. पुस्तकं जातेत. म्हातारं गेलं की दहावं व्हायच्या आत पोरं माळा साफ करतेत.

अण्णा : वाचतो तरी का त्यातलं एखादं?

परमेश्वर : तुमचं वाचलं. दोनदा.

अण्णा : माझं कोणतं?

परमेश्वर : पेटीतलं, घोड्याचं. आत तुमचं नाव हाय, पेन्सिलनं. कोर्टापुढं पुस्तकाची गाडी आल्ती तवा घेतलं म्हणे.

अण्णा : तुला कोणी सांगितलं?

आई : मी. त्यात काय चोरी हाय का?

अण्णा : तुझ्याएवढा व्हतो तवा. गेलं ते.

परमेश्वर : न्हाई गेलं. पहिल्या आवृत्तीचं हाय ते. आमच्या पुस्तकवाल्यांच्या ग्रुपवर कुणाकडंच न्हाई. पण नाशिकचा एकजण म्हणला, वरचं सुटं कव्हर कुठंय? त्याच्याबिगर पुस्तक बोडकं. हे बघा, त्यानं फोटो धाडला. पिवळ्यावर लाल घोडा. ज्यानं कोनी फाडलं त्याचे हात तोडावे.

अण्णा : दाव इकडं मोबाईल.

परमेश्वर : कशाला?

अण्णा : दाव म्हणलं ना.

(बाहेर टेम्पोचा हॉर्न.)

अण्णा : तोड मंग माझे हात. म्या काढलं ते.

परमेश्वर : तुम्ही?

अण्णा : तू पाचवीला गेल्ता. डिक्शनरी आणल्ती तुला, नवीकोरी. समद्या पोरांच्या पुस्तकांला पेपराचं कव्हर. म्हणलं, आपल्याला चांगला कागद लावू. घरात त्याच्याइतका जाड, गुळगुळीत कागद दुसरा नव्हता. मास्तर वरडू नये म्हणून चित्र आत घेतलं.

परमेश्वर : ती पांढऱ्या कव्हरची? तिच्या आतून घोडा व्हता? अन् मी ती शाळा सोडूस्तोवर दप्तरात वागवली?

अण्णा : हां.

आई : अन् शाळा सोडली तवा मी ती आर्यनला दिली, तुझ्या बेबीनंदा मावशीच्या. पुस्तक हिंडतं असावं. जांबला आठवीत हाय त्यो.

परमेश्वर : कव्हर हाय का पण त्याच्यावर?

आई : दिवाळीला गेल्ते तवा व्हतं. शाई सांडलीय पोरानं.

परमेश्वर : सांडू दे. बाहेरून सांडली असंल. घोडा आत हाय.

अण्णा : परम्या, टेम्पो उभा हाय. हरिओम काय म्हणंल?

परमेश्वर : राधेश्याम म्हणला तेच म्हणंल. तुम्ही हसा परत. गाडीची चावी कुठंय?

अण्णा : शाळेच्या नावानं असा कधी पळला न्हाई.

परमेश्वर : न्हाई पळलो. अन् पळनारबी न्हाई. चावी.

अण्णा : खुटीला हाय. अन् आयक. वढू नको. कोपऱ्यांला खळ लावल्ती म्या. आधी ओलं फडकं ठेव, मंग हळू सोडव.

परमेश्वर : बरं.

आई : भाकर तरी खाऊन जा.

परमेश्वर : आल्यावर. अण्णा, टेम्पोवाल्याला सांगा, त्रिंबकचं पोरगं रद्दी आणायला गेलं. निघायचंय मला आता.