अडतीस टक्के

हॅलो?

हॅलो... कोण बोलते? ...लीला? अवं, नाव नाही दिसत मले ह्या फोनवर, नुसते आकडे दिसते. बोल. ...नाही नाही, उठलो कवाचे. पाच वाजताच चूल पेटवली. ...हो, आजच. आजच अपंगाचं शिबिर हाय यवतमाळले. सात वाजता उकंडाची जीप येते दारव्ह्यापर्यंत, तिथून मंग एस.टी.

...संघर्ष येऊन राह्यला ना सोबत, नाही तं काय त्याचा फोटो नेऊ? तपासणी पोराची हाय.

...आंघोळ करून राह्यला. ...मी हळूच बोलून राह्यली, तूच मोठ्यानं बोलतं. वणीहून तुहा आवाज फोनबिगर येईन इथं.

...कायचं बरं हाय, लीले? काही बरं नाही. डोकं फिरलं माहं. ...अवं, अपील म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा फारम, पुन्हा रांग, पुन्हा डॉक्टर. जूनमधी एकदा झालं, तवा अडतीस टक्के दिले. ...अडतीस. तीस अन् आठ. ...चाळीस लागते, चाळीस! दोनानं गेलं. निराधारचे पैसे बंद, एस.टी.ची सवलत बंद. ऑगस्टपासून काहीच नाही. नळी बदलवा लागते दर पंधरा दिवसानं, पिशव्या लागते. औषधवाला काय टक्के पाहून देते?

...आधी पंच्याहत्तर होते. सही, शिक्का, सगळं. आता म्हणे हातानं लिहिलेलं सर्टिफिकेट चालत नाही, संगणकातलं पाहिजे. अन् त्या जुन्या कागदावर खाली लिहूनच होतं, पाच वर्षांनी पुन्हा तपासणी. ...मले भी तेच विचाराचं हाय! पाच वर्षांत मणका काय पऱ्हाटीसारखा उगवते? रुईची गाठ पडली त्याच्या कमरेवर, पावणेदोनशे किलोची. दबला तो दबला. पुढच्या हंगामात नवा येते का तो?

...आठवते ना. मले सगळंच आठवते, तेच तं दुखणं हाय माहं. दोन हजार सहा. त्या साली कापूस घरात आढ्यापर्यंत भरून होता, झोपाले जागा नव्हती, अन् कोणी विचारे ना. बी.ए. झालेला पोट्टा. म्हणे, आई, दोन महिने जिनिंगवर जातो गाठी चढवाले, कापूस विकला का परत अभ्यासाले बसतो. बसला. असा बसला का धरल्याबिगर उठताच येत नाही. अन् तो जिनिंगवाला दवाखान्यात एक डझन केळं घेऊन आलता. त्यातले दोन त्यानंच खाल्ले बोलता बोलता.

...मीच भरलं फारम. दुसरं कोण भरन? सातवी शिकली हाय मी, त्या काळातली सातवी. आठ पानं. प्रश्न पाय कसे, अपंगत्व जन्मापासून हाय का, असल्यास कधीपासून! ...हस, हस. मी नाही हसली, मले कागद फाडावा वाटला. अन् फोटो लावा म्हणे, अपंगत्व दिसेल असा. आता कमरेच्या आतलं फोटोत कसं दिसन? फोटोवाला म्हणते, बाई, त्याले जमिनीवर बसवा, हात टेकवा, तोंड पाडाले सांगा. त्यानं काही तोंड पाडलं नाही. तीन फोटो वाया गेले. तिसऱ्यात तं चक्क हसून राह्यला.

...हो, गेलती ना तहसीलमधी. चार वेळा. पहिले म्हणे मूळ प्रत आणा. मूळ प्रत तुम्हीच जमा करून घेतली ना, म्हटलं. म्हणे, मंग पोचपावती आणा. पोचपावती दिलीच नाही तुम्ही. म्हणे, मंग जमा केली कशावरून? अन् वरून हयातीचा दाखला मांगे, माणूस जिता हाय म्हणून. जिता माणूस समोर भिंतीले टेकून उभा हाय, घामानं भिजलेला, अन् हे त्याले म्हणते, जिता असल्याचा कागद कुठं हाय?

...हो हो... अवं, आइक ना... आइक तं. ...काय? ...काय म्हणतं? पुन्हा म्हण.

...फाटके कपडे.

...दाढी नको करू दे. ...हं. ...तोंड नको धुऊ दे. ...दारापासून रांगत नेजो. लीले! ...कोण? कोणं केलं असं? ...तुह्या शेजारच्यानं? ऐंशी टक्के भेटले? भेटू दे. त्याचं त्याच्यापाशी. माह्या लेकाले मी रांगवू? एकतीस वर्षाचा माणूस तो. वर्षाचा होता तवा रांगला, तेवढं पुरे हाय.

...तुले काय जाते बोलाले! तुह्या मालकाचा हात खाणीत मोडला तं कंपनीची गाडी, कंपनीचा दवाखाना, पगार घरी चालू. तुमाले कोणं म्हटलं होतं का, हात मोडला हे दाखवा, रडून दाखवा? ...टोमणा नाही मारून राह्यली. ...बरं, मारला. मारला! मोठी बहीण हाय मी तुही, एक टोमणा मारला तं काय झालं?

...बाबाचं मले नको सांगू, तुले आठवते ते बाबा म्हातारे. मले तरणे आठवते. छप्पनची दीक्षा झाली, त्याच्या दुसऱ्या साली मले शाळेत टाकाले नेलं, तू आईच्या पोटात होती. आईनं आदल्या संध्याकाळी त्यायचं एकुलतं एक धोतर धुतलं. वाळलंच नाही, तं ओलंच नेसले. पहिले आपले लोक शाळेच्या पायरीखाली बसत, खाली पाहून बोलत. बाबा बसले नाही. हात असे बाजूले, मान वर. म्हणे, गुरुजी, पोरीचं नाव लिहा, सत्यशीला. धोतराचं पाणी थेंब थेंब गळून राह्यलं पायरीवर, मी तेच पाहून राह्यलती, गुरुजी भी तेच पाहून राह्यले. पण बाबा हलले नाही. घरी येता येता मले म्हणे, साहेबापुढं गेलं का स्वच्छ जाचं अन् सरळ उभं राहाचं. भीक मांगून राह्यलो असं वाटलं नाही पाहिजे. तेच म्या संघर्षले शिकवलं. तुह्या पोराइले भी शिकवलं, उन्हाळ्यात येत तवा.

...म्हणूनच तं झालं.

...म्हणूनच झालं, म्हटलं. ...नाही, काही नाही. ...काही नाही म्हटलं ना!

...लीले, थांब. पाण्याचा आवाज येते अजून? ...येते. बरं. आइक. तुह्या मालकाले भी सांगू नको.

जूनमधी त्यानं नाही सांगितलं. म्या सांगितलं. ...डॉक्टरले!

...अवं, त्या दिवशी मी त्याचा पांढरा शर्ट इस्त्री केला. लांब, बाहेर सोडलेला, म्हणजे पिशवी झाकते. लघवीची पिशवी, कमरेले बांधून राहते ना. केस विंचरले, पावडर लावली. रांगेत शंभर माणूस, अन् आपल्यामागं कोण, तं तांड्यावरची हंसाबाई, नातीले घेऊन. खोलीले ना दार ना परदा, नुसता टेबल. डॉक्टर वर पाहे ना. म्हणे, चालता येतं? संघर्षनं तोंड उघडलं, तितक्यात म्या म्हटलं, येते साहेब. म्हणे, चालून दाखवा. मी मागून त्याच्या पट्ट्याले धरलं, शर्टाच्या आतून, कोणाले दिसलं नाही. दहा पावलं चालवलं. ...हो ना, म्या चालवलं, तो कुठं चालला? मंग म्हणे, लघवी-संडास स्वतः?

...म्या म्हटलं, हो.

...काहून म्हणजे? हंसाबाई कान देऊन उभी होती ना मागं! अर्धा तालुका होता त्या रांगेत. माणसाची काही इज्जत हाय का नाही? अन् त्यानं भी असं विचारावं, वांग्याचा भाव विचारल्यासारखं? दोन मिनिटं पाह्यलं, लीले. दोन मिनिटं. शर्टाले हात नाही लावला. पंच्याहत्तरचे अडतीस करताना एकदा तं विचार, बाप्पा, का बाकीचे कुठं गेले! ...माही चूक नाही असं कुठं म्हटलं मी? माही चूक हायच. पण त्याचं काम काय होतं? माह्या शब्दावर टक्के लिहाचे होते तं त्याले खुर्चीवर कायले बसवलं, मलेच बसवाचं होतं!

...संघर्ष? त्यानं एकदा माह्याकडं पाह्यलं फक्त. तवापासून जेवते, बोलते, चिडवते भी मले. पण त्या दिवसाचं नाव नाही काढलं त्यानं. म्या भी नाही काढलं.

...रडून नाही राह्यली मी. राग हाय हा.

...आज मी काय सांगू? जूनमधी खोटं बोलली, साहेब? तो म्हणन, बाई, तवा खोटं बोलली का आता बोलून राह्यली? ...हो, ते तं सांगाच लागन. पण कसं सांगू, लीले? आठ दिवसांपासून घोकून राह्यली चुलीपुढं. साहेब, त्याले नळी हाय. चार शब्द. चुलीपुढं भी निघत नाही तोंडातून.

...थांब. पाणी बंद झालं का?

...संघर्ष? ...काय रे? ...लीलामावशी हाय, वणीहून. ...कवापासून उभा हाय तू इथं?

...अरे, आम्ही आपलं असंच... ...हं. ...हं.

...बाहेर? मी? ...काहून? इतक्या दूर येऊन मी बाहेर कायले बसू? तुले धरन कोण? ...भिंत? भिंत काय आई हाय तुही? ...अन् सांगशीन तू? सगळं? नळीचं भी? ...अन् मागं हंसाबाई असली तं? ...

...हॅलो, लीले? हाव, हाय मी. ...आइकलं त्यानं. सगळं आइकलं. ...नाही वं, ओरडला नाही. ओरडला असता तं बरं झालं असतं. म्हणते, आई, तू बाहेरच्या बाकड्यावर बस. मी सांगीन, मीच दाखवीन. ...थांब, सांगून राह्यली ना... म्हणते, तू जवळ असली का मले चांगलं राहा लागते.

...

...हाय, हाय मी. ...आता याले काय म्हणू? एवढं केलं मी त्याचं, सहा वर्षं, अन् मले बाकड्यावर बसवते. ...तू हसून राह्यली का? ...मंग नाक पूस, इथपर्यंत आइकू येते.

...नाही, कपडे तेच. पांढरा शर्टच घातला. दाढी केली, पावडर भी लावली त्यानं आपल्या हातानं. ...म्हणते, सरळच उभा राहीन. जेवढा वेळ जमते तेवढा. मंग पडीन तं पडीन, पाहू दे त्यायले कसा पडतो ते. ...

...नाही. उठणार नाही मी. पडला तरी नाही उठणार. कबूल केलं आत्ताच त्याच्यापुढं. ...जमते का नाही तुले काय माहीत? ...हो, माहीत हाय तुले, माहीत हाय.

...आली वाटते जीप. उकंडा! थांब रे, हॉर्न नको वाजवू, येऊन राह्यलो! ...फाइल त्याच्यापाशी हाय. ...घेतलं पाणी, भाकरी भी घेतली. ...

...तेच तं म्हणून राह्यली, लीले. दार नाही त्या खोलीले. बाकड्यावर सगळं आइकू येईन. डॉक्टर विचारन, अन् हा थांबन जरासा. लहानपणापासून असाच हाय, बोलाच्या आधी जरासा थांबते. अन् तेवढ्या वेळात मी बोलून मोकळी होते. ...

...म्हणून म्हणते, ठेव आता. यवतमाळ येईपर्यंत गप्प बसून पाहाचं हाय मले.

...नाही, काही नको सांगू. ...नको म्हटलं ना. तू काही बोलली तं मी बोलीन.

ठेव.