पेशींच्या जेवणाची वेळ

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या दोघी बहिणींना वाटत होतं की आपण हळू बोलतोय. काउंटरवरच्या बाई मात्र कागद चाळत कान टवकारून बसल्या होत्या.

“पाळी कधीपासून नाही?” थोरलीने विचारलं.

“चार महिने झाले, ताई. कामात लक्षातच आलं नाही.”

“असलं कसलं गं काम?”

“शेळीच्या अंडाशयातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या. एका बशीला भरपूर साखर द्यायची, दुसरीला बेताची, तिसरीला जवळजवळ उपाशी ठेवायचं.”

“मग तिसरीचं काय होतं?”

“पेशी जगतात, पण काम सोडून देतात. हार्मोन बनवतच नाहीत.”

“याचा शेळीला काय उपयोग?”

“हडकलेली शेळी माजावर का येत नाही, ते कळतं. मग तिचा खुराक वाढवायचा. साधं तर आहे.”

“साधं आहे ना? सकाळपासून काय खाल्लंस?”

“चहा घेतला की. बिनसाखरेचा.”

“आणि काल?”

“काल दिवसभर लॅबमध्ये होते. तिथं खायला बंदी आहे.”

ताईने पिशवीतला डबा काढून तिच्या मांडीवर ठेवला.

“किती वाजले गं?”

“पावणेबारा. आता तुझाच नंबर आहे.”

“अगं बाई, बाराला पेशींना खायला घालायचंय. वेळ चुकली की हाल होतात बिचाऱ्यांचे.”

काउंटरवरच्या बाईंनी नंबर पुकारला, तेव्हा ताईच्या शेजारच्या खुर्चीवर नुसता डबा होता, झाकणही न उघडलेला.

“पेशंट कुठंय?”

“गेली,” ताई म्हणाली. “शेळीला जेवू घालायला.”