मिस्टरांना आत पाठवा

"साफ खोटं बोलला तो डॉक्टर! जन्मभर टिकेल म्हणाला होता!"

"हळू गं जयंती, अख्खा दवाखाना ऐकतोय."

"ऐकू दे! वन्सं, कॅन्सरने छातीची एक बाजू गेली, तिथे यानेच सिलिकॉनची पिशवी बसवली. आता ती बाजू चेपली, काखेत गाठ आली, तर म्हणतो, बाईंच्या मनाचे खेळ आहेत."

"सोनोग्राफीत काय आलं पण?"

"फुटलीये! पिशवी फुटलीये, वन्सं! काखेतली गाठ त्या सिलिकॉनचीच. मी वेडी नाहीये!"

"अगं, हसतेस काय? परत कापाकापी होणार."

"होऊ दे ना! कॅन्सर परत आला नाही, हे काय कमी आहे? मी तर मनातल्या मनात पोरींची लग्नंसुद्धा उरकून टाकली होती."

"नंदू म्हणालाच होता, पिशवी फुटू शकते म्हणून."

"हे म्हणाले होते? कधी?"

"ऑपरेशनच्या आधी. डॉक्टरांनी त्याला आत बोलावून सांगितलं होतं. तू घाबरशील म्हणून आम्ही..."

"आम्ही? म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं?"

"जयंतीबाईंचे मिस्टर कोण? डॉक्टरांनी आत बोलावलंय."

"सिस्टर, मीच जयंती. मिस्टर कामावर गेलेत. मी येते."

"तुम्ही बसा हो. त्यांना मिस्टरांशीच बोलायचंय."

"सरका बाजूला! डॉक्टर, पिशवी माझ्या छातीत फुटलीये, ह्यांच्या नाही. ती फुटू शकते हे मला का नाही सांगितलंत? बोला!"