ताईची गुहा

नकाशा कचेरीच्या खिडकीशी माझ्या पुढे एक आजी उभ्या होत्या, हातात एका गुहेच्या नावाची चौकशी करणारं कचेरीचंच पत्र. आतल्या कारकुनाने जुनी वही उघडली.

"आजी, ही गुहा कुणाला ठाऊकसुद्धा नाही. वहीत 'ताईची गुहा' लिहिलंय. कोणी साध्वी राहायची का तिथे?"

"साध्वी कसली डोंबलाची! ताई म्हणजे मी. माझ्या धाकट्या भावानं मापली ती गुहा. त्याचा जोडीदार तापानं पडला, म्हणून फितीचं दुसरं टोक मी धरून बसले बाहेर. आतून सारखा ओरडायचा, 'ताई, आहेस ना गं?'"

"आणि नाव?"

"नाव नव्हतंच तिला. रकाना मोकळा सोडायचा नाही म्हणून त्यानं माझं टाकलं. म्हणाला, खरं नाव सापडलं की येऊन खोडतो."

"तरीच पेन्सिलनं आहे! ज्यानं मापलं त्यानंच नाव पक्कं करायचं, अशी पद्धत आहे आमची. कुठे असतात ते आता?"

"दुसऱ्या मोजणीवर गेला तो गेलाच. एकतीस वर्षं झाली."

"मग पद्धत राहू द्या, आजी. मीच शाईनं पक्कं करतो. कायमचं राहील तुमचं नाव."

"छे, छे! शाई नको. मग तो येऊन खोडणार काय?"

"पण फार पुसट झालंय हो. आणखी वर्षभरानं वाचताही येणार नाही."

"पेन्सिल आहे ना तुमच्याकडे? द्या इकडे. मी गिरवते."