मधली जागा

अल्मायरा : भिंतीवरच्या हाराची काच उतरव, वहिनी. आईचं फूल वळून झालंय, मधे बसवायचं तेवढं राहिलंय.

थर्झा : मधे माझा ऑरिन आहे.

अल्मायरा : नऊ वर्षं होता. रीतच आहे ती. घरातलं जे माणूस शेवटी गेलं, त्याच्या केसांचं फूल हाराच्या मधे. आधीचं काढून कडेच्या तारेत ओवायचं. ऑरिनसाठी बाबांचं नाही का हलवलं? आई काही बोलली तेव्हा?

थर्झा : बोलायला तोंड कुठे होतं त्यांना? पोराचा घसा बंद होत आला होता आणि त्या छातीला कांद्याचं पोटीस बांधत बसल्या. डॉक्टरांसाठी गाडी जुंपू दिली नाही. का, तर रविवार, देवाचा वार.

अल्मायरा : डॉक्टर बारा मैलांवर. त्यात पुलावर पाणी.

थर्झा : पाणी संध्याकाळी चढलं. सकाळी रस्ता कोरडा होता. मी तापात होते वन्सं, आंधळी नव्हते.

अल्मायरा : गेलेल्या माणसाचं किती काढशील? परवा प्रार्थनेला शेजारीपाजारी येतील, हार बघतील. सुनेनं सासूला जागा दिली नाही, असा अख्ख्या आयोवात बोभाटा होईल.

थर्झा : होऊ दे. त्यांचा एक केस माझ्या बाळाच्या जावळाला लागू देणार नाही. रोज सकाळी त्या काचेवर हात ठेवते, मग चूल पेटवते. तेवढाच उरलाय तो मला.

अल्मायरा : पुरे, वहिनी. मला बोलायला लावू नकोस.

थर्झा : बोला की. या घरात मला बोलायचं कोणी बाकी ठेवलंय?

अल्मायरा : मग ऐक. अकरा महिन्यांच्या पोराला जावळ ते केवढं असणार? तो गेला तेव्हा तू शुद्धीवर नव्हतीस. आम्ही कापलं, ते चिमूटभर निघालं. जेमतेम दोन पाकळ्या झाल्या. एवढंसं फूल सुनेला कसं दाखवू म्हणून आई रडली. मग लग्नाआधीची आपली वेणी जपून ठेवली होती, ती तिनं काढून दिली. रंग तोच, सोनेरी. बाकीच्या पाच पाकळ्या तिच्या आहेत.

(थर्झा काच उतरवते. हार मांडीवर घेते.)

थर्झा : यातल्या त्याच्या दोन कोणत्या? तेवढं दाखवा, वन्सं.

अल्मायरा : मीच वळल्या होत्या गं. पण आता मलाही ओळखता येत नाहीत.